नाहीसं झालेलं दुसरं शिखर

१

दसऱ्याच्या आधी दोन शिखरं होती, दसऱ्यानंतर एक उरलं. एवढ्यावरून एका मुलीला खोटारडी ठरवायची तयारी झाली होती, आणि त्या तयारीवर सही करायला सलिल दामलेने मला बोलावलं होतं.

मी उल्का आगाशे, राहणार शनिवार पेठ. आयुष्य कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. मला प्रयोगशाळावाले बोलावतात, त्यांचे आकडे आपापसांत भांडायला लागले की. सलिल माझाच विद्यार्थी. हुशार नव्हता, चलाख होता. परदेशी औषधकंपन्या आपली कामं इकडे धाडायला लागल्या तेव्हा त्याने हिंजवडीच्या पलीकडे ‘अनुरेणू लॅबोरेटरीज’ नावाची काचेची इमारत उभी केली. शेजारीपाजारी सगळ्या सॉफ्टवेअर कंपन्या. दुपारी चहाच्या टपरीवर गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली एवढी पोरं असतात की कोण औषध करतो आणि कोण प्रोग्रॅम लिहितो हे कळत नाही.

"मॅडम, केस सरळ आहे," सलिल म्हणाला. "मुलीने डेटा बनवला. तुम्ही फक्त कन्फर्म करा."

"नुसती सहीच हवी असेल तर नातवाला पाठवते. त्याला हल्ली सह्या करायची फार हौस आहे."

तो हसला. माझ्या बोलण्यावर हसायची सवय त्याला परीक्षेच्या काळापासून आहे.

केस अशी होती. काही औषधांचे रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात. सगळं सारखं, पण डावा तो डावा आणि उजवा तो उजवा. एक हात रोग बरा करतो, दुसरा कधीकधी विषासारखा वागतो, म्हणून दोघांना वेगळं करावं लागतं. अनुरेणूत त्याचं यंत्र होतं. कार्बन डायऑक्साइड दाबून आणि जरा ऊब देऊन असा करायचा की तो ना धड वायू राहतो, ना धड द्रव होतो. त्यात थोडं मिथेनॉल मिसळायचं, आणि त्या प्रवाहाबरोबर औषध एका पोलादी नळीतून न्यायचं. नळीत बारीक पांढरी पूड ठासलेली असते. या नळीला कॉलम म्हणतात. पुडीला एक हात जास्त आवडतो, तो रेंगाळतो. दुसरा आधी बाहेर पडतो. पडद्यावरच्या आलेखात दोन शिखरं दिसली की काम फत्ते.

अमेरिकन क्लायंटचं औषध मात्र हट्टी होतं. एरवी अशा वेळी प्रवाहात चिमूटभर अमाईन नावाचं उग्र वासाचं रसायन घालतात, की दोन्ही हात मुकाट्याने सुटे होतात. पण अमाईनचा मागमूस राहिला तर हे औषध पुढे नासतं, म्हणून क्लायंटने अमाईन वापरायला बंदी केली होती. भल्याभल्यांनी हात टेकले. आणि प्रियदर्शनी ढोके नावाच्या यवतमाळच्या मुलीने अमाईनशिवाय दोन स्वच्छ शिखरं काढून दाखवली. क्लायंट खूश झाला. दसऱ्यानंतर त्यांची माणसं प्रत्यक्ष बघायला आली, तर त्याच यंत्रावर, त्याच कॉलमवर एकच बसकं शिखर आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"आलेख बनावट केले म्हणून तिला काढतोय," सलिल म्हणाला. "तसं लेखी देणार."

ते कारण एकदा कागदावर आलं की हैदराबादपासून अहमदाबादपर्यंत कुठलीही प्रयोगशाळा या मुलीला दारात उभी करणार नव्हती. मी तिचे सगळे आलेख मागवले आणि क्रमाने टेबलावर मांडले. शेवटच्या आलेखापर्यंत पोचले तेव्हा माझी खात्री पटली की ही मुलगी खोटं बोलत असेल, तर अगदी बावळटासारखं बोलते आहे.

२

कारण तिची शिखरं सरकत होती.

पहिल्या आलेखात दोघांत ऐसपैस जागा होती. मग प्रत्येक आलेखात ती थोडी थोडी जवळ येत गेली होती. शेवटी-शेवटी त्यांचे पाय एकमेकांना लागत होते. खोटा आलेख करणारा माणूस एक छान नमुना घेतो आणि तोच गिरवतो. आपलं खोटं दिवसेंदिवस बिघडवत नेण्याचे कष्ट कोण घेईल? सलिलला हे दिसलं नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं.

प्रियदर्शनीला यंत्राजवळ जायला मनाई होती. कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसली होती, समोरचा चहा निवून त्यावर साय धरलेली.

"शिखरं जवळ येत होती हे तुझ्या लक्षात आलं होतं?" मी विचारलं.

"हो मॅडम. मला वाटलं टेंपरेचरचं काही असेल. मी सांगितलं होतं शुभंकरला. तो म्हणाला, चालतं तेवढं, रिपोर्ट पाठवून दे."

"शुभंकर कोण?"

ती जरा लाजली. त्या परिस्थितीतही लाजली, म्हणून मला ती आवडली. "शुभंकर इंगोले. माझ्या शेजारच्याच बेंचवर असतो. अमरावतीचा आहे. आमचं लग्न ठरलं आहे, मार्गशीर्षात."

"तो काय म्हणतो या सगळ्यावर?"

"सगळ्यांनी बोलणं टाकलं मॅडम, तोच एकटा बोलतो. रोज संध्याकाळी बिबवेवाडीला येतो, डबा घेऊन. मला घास उतरत नाही तर भरवतो. म्हणतो, कबूल करून टाक, माफी माग, म्हणजे सर नुसता राजीनामा घेतील, कारण लिहिणार नाहीत." तिने चहाचा कप बाजूला सारला. "पण जे केलंच नाही ते काहून कबूल करू? बाबांना अजून सांगितलं नाही. ते गावात सगळ्यांना सांगत फिरतात, पोरगी अमेरिकेचं औषध करते म्हणून."

मी तिला सांगितलं की कशावरही सही करायची नाही. ती हो म्हणाली. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, मी नाही केलं. पण मशीन तर मीच केलं असं म्हणतं. मशीन कशाला खोटं बोलेल?"



३

माझा पहिला संशय मिथेनॉलवर होता.

लोकांना वाटतं, प्रवाह कॉलममधून नुसता वाहतो आणि निघून जातो. तसं नसतं. त्यातला काही भाग पुडीवर ठाण मांडून बसतो. मिथेनॉल बसतं, कार्बन डायऑक्साइडही बसतो, आणि दोघांचा मिळून पुडीवर एक थर होतो. औषधाची गाठ मग कोऱ्या पुडीशी पडत नाही, त्या थराशी पडते. बिडाचा तवा घ्या. कोऱ्या तव्यावर पहिलं घावन चिकटतंच. तेल मुरलं की पुढची अलगद सुटतात. तवा तोच, पण आता घावन तव्यावर पडत नाही, तेलावर पडतं.

तेव्हा मला वाटलं की पाहुण्यांसमोर घाई झाली असेल, मिथेनॉलचा थर बसायच्या आतच औषध सोडलं असेल. मी यंत्र सुरू करायला लावलं आणि थर नीट बसेपर्यंत हलायचं नाही असं बजावलं. चालवायला शुभंकरच होता. उंच, नीटनेटका, बोलायला गोड. जानेवारीत क्लायंटकडे अमेरिकेला ट्रेनिंगसाठी जाणार होता.

"मॅडम, मी सगळं ट्राय केलंय," तो म्हणाला. "प्रेशर, टेंपरेचर, फ्लो. मिथेनॉल कमी करून, वाढवून. त्याच्या जागी इथेनॉल. तासन्‌तास थांबूनसुद्धा. माझ्या होणाऱ्या बायकोचा प्रश्न आहे हा, मी काही सोडलेलं नाही."

"कॉलम नवा होता?"

"एकदम. सील्ड बॉक्स. प्रियदर्शनीनेच पहिल्यांदा वापरला."

"मग तिला माफी मागायला का सांगतोस?"

त्याने मान खाली घातली. "तिने प्रेशरखाली केलं असेल मॅडम. मी समजू शकतो. मी तिला सोडणार नाहीये."

मला त्याचं कौतुक वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

संध्याकाळी औषध सोडलं. आलेखात एकच शिखर आलं, म्हातारीच्या पाठीसारखं वाकलेलं. माझा संशय चुकला होता.

घरी जाताना बसमध्ये मी स्वतःवर चिडले, कारण चूक कॉलेजातल्या पोराने करावी अशी होती. थर बसायला वेळ लागला असता तर सुरुवातीचे आलेख वाईट आणि नंतरचे चांगले आले असते. प्रियदर्शनीचे नेमके उलटे होते. तिच्या कॉलममध्ये काही येऊन बसत नव्हतं. आधीच बसलेलं काहीतरी रोज थोडं थोडं उठून जात होतं, आणि दसऱ्याच्या सुमाराला ते पार निघून गेलं होतं.

पण कॉलम तर कोरा होता म्हणे. कोऱ्या कॉलममध्ये तिच्या आधी कोण येऊन बसलं होतं?

४

दसऱ्याला काय झालं, हे विचारायला मी उत्तरेश्वरला गाठलं. यंत्रांची जोडणी आणि साफसफाई त्याच्याकडे. मूळचा लातूरकडचा, बोलायला मोकळा. मी नाव सांगितलं तर आधी स्टूल पुसून दिलं.

"दसऱ्याला काय होणार मॅडम? खंडेनवमीची पूजा. दरसाल असती. सगळ्या मशिनी बंद, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. सर सोता नारळ फोडत्यात."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी धुणं. मशिनीला अंघोळ घातल्याबिगर पूजा कशी करायची? सगळे कॉलम काढले, थोडं ॲसिड घातलेल्या अल्कोहोलनं चांगले धुतले, मग नुसत्या अल्कोहोलनं. दिवसभर तेच चाललं हुतं. पाटावर वळीनं मांडले. फोटू हाय, दाखवू?"

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. पाटावर लाल वस्त्र, त्यावर चकचकीत पोलादी नळ्या, प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलेलं. परदेशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत चांगला चालणारा कॉलम कुणी असा कारणाशिवाय धुणार नाही. चाललंय ते चालू देतात. आपल्याकडे धुतात, कारण उद्या नवमी असते.

"तुला कुणी काही बोललं नाही?"

"बोलायचं काय? दरसाल धुतो." मग त्याचा चेहरा उतरला. "माझ्याकडनं काय चुकलं का? पोरीचं नुकसान माझ्यामुळं झालं का?"

"तू धुतलंस त्यात तुझी चूक नाही. मला एवढं सांग, प्रियदर्शनीसाठी तो कॉलम पहिल्यांदा कोणी बसवला?"

"मीच. ती बॉक्स घेऊन आली, मी बसवला."

"बॉक्स सीलबंद होता?"

"चिकटपट्टी हुती. पण टोपण काढलं आन्‌ वास आला की. सुकट भाजल्यावानी. मी म्हणलं, कुणाच्या डब्याचा येतोय. पर ती पोरगी तर माळकरी घरची."

मी त्याला परत विचारलं. त्याने परत तेच सांगितलं. सुकट त्याच्या घरात दर आठवड्याला होते, वासाबद्दल त्याची चूक होणं शक्य नव्हतं. आणि रसायनशाळेत सुकटीचा वास येणारी एकच गोष्ट मला माहीत होती, अमाईन.

५

दुसऱ्या दिवशी मी सलिल आणि शुभंकर दोघांना यंत्रासमोर उभं केलं.

आधी तोच धुतलेला कॉलम घेतला. प्रवाहात अमाईन घालून तो दुपारपर्यंत चालवला. मग अमाईन बंद केलं आणि साधा प्रवाह सोडला, क्लायंटच्या अटीप्रमाणे. औषध सोडलं. पडद्यावर दोन शिखरं उभी राहिली, दोघांत ऐसपैस जागा. प्रियदर्शनीचा पहिला आलेख शेजारी धरला तर जुळ्या बहिणी वाटाव्यात. नंतर उत्तरेश्वरला नवमीसारखाच कॉलम धुवायला सांगितलं. पुन्हा औषध सोडलं, तर पुन्हा एकच वाकलेलं शिखर.

"अमाईन प्रवाहातून गेलं तरी पुडीवर बसून राहतं," मी म्हणाले. "थोडं थोडं झडतं. म्हणून तिची शिखरं रोज सरकत होती. नवमीच्या पूजेसाठी तुम्ही उरलंसुरलं धुऊन काढलंत आणि दुसरं शिखर गेलं. मुलीने अमाईन घातलं नव्हतं. तिच्याआधी कुणीतरी घातलं होतं, त्याच कॉलममध्ये, आणि मग बॉक्सला नवी चिकटपट्टी लावली होती."

मी शुभंकरकडे वळले.

"शुभंकर, तू मला यादी सांगितलीस. प्रेशर, टेंपरेचर, फ्लो, मिथेनॉल, इथेनॉल. या औषधाच्या बाबतीत पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा एकदा तरी अमाईन घालून बघेल. बंदी क्लायंटला माल देताना आहे, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला नाही. तू होणाऱ्या बायकोसाठी सगळं केलंस आणि तेवढंच केलं नाहीस. कारण ते केलं की दोन शिखरं येतील, आणि मग कोणीतरी विचारेल की या कॉलममध्ये आधी काय होतं. तुला ते माहीत होतं."

त्याने सलिलकडे बघितलं. एवढं बघणं मला पुरे होतं.

"सरांनीच सांगितलं होतं," तो पुटपुटला. "जर्मन क्लायंटचं काम अर्जंट होतं. आमचा कॉलम खराब झालेला."

मग सगळं बाहेर आलं. हा कॉलम अमेरिकन क्लायंटने त्यांच्या खर्चाने घ्यायला लावला होता आणि दुसऱ्या कुणाच्या कामाला लावणार नाही असं सलिलने त्यांना लिहून दिलं होतं. तो त्याने आधी जर्मनांसाठी वापरला, अमाईन घालून, शुभंकरच्या हातून. अमेरिकनांना हे कळलं असतं तर अनुरेणूचं सगळंच काम गेलं असतं. त्यापेक्षा एक यवतमाळची मुलगी गेलेली बरी. शुभंकरला गप्प राहण्याबद्दल जानेवारीचं विमान मिळणार होतं.

मी आयुष्यात पुष्कळ नालायक विद्यार्थी पाहिले, पण इतकी किळस मला कधी आली नव्हती.

"मी हे सगळं क्लायंटला लिहिणार आहे," मी म्हणाले.

सलिल शांतपणे खुर्चीत बसला. "लिहा ना मॅडम. प्रयोग छान आहे तुमचा, कॉलेजात दाखवण्यासारखा. पण काल संध्याकाळी तिने कबुली दिली. स्वतःच्या सहीने. मी लगेच क्लायंटला पाठवली, त्यांनी केस क्लोज केली. आता जिने केलं तीच म्हणते मी केलं, तर तुमचं शिखर कोण बघणार?"

"तिने सही केली? मी तिला करू नको म्हणाले होते."

"मी नाही करायला लावली," सलिल म्हणाला, आणि शुभंकरकडे बघितलं. "मी तर काल तिला भेटलोसुद्धा नाही."

६

तिथून मी रिक्षा केली आणि तडक बिबवेवाडी गाठली. चार मुलींनी मिळून घेतलेला फ्लॅट. बाकीच्या कॉल सेंटरला गेलेल्या. प्रियदर्शनी एकटी होती, कॉटवर बॅग उघडी, कपडे अर्धे आत. रात्रीच्या गाडीने यवतमाळला निघाली होती.

"सही का केलीस?" मी दारातूनच विचारलं.

"थकली होती मॅडम. शुभंकर म्हणाला, उद्या ती बाई तुझ्याविरुद्ध रिपोर्ट देणार आहे, त्याच्या आधी कर. आणि खरं सांगू? मलाच वाटायला लागलं होतं. रोज रोज तो म्हणायचा, तू प्रेशरखाली केलं असशील, तुला आठवत नसेल. मला वाटलं, केलं असेल मी. नाही तर दुसरं शिखर गेलं कुठं?"

मी तिला आत नेऊन सगळं सांगितलं. पुडीवर बसलेलं अमाईन, सरकणारी शिखरं, नवमीची अंघोळ. ती रसायनशास्त्राची मुलगी, मला दोनदा सांगावं लागलं नाही. शोधही तिचा उरला नव्हता. अमाईनशिवाय ते औषध सुटत नव्हतंच. हेही मी सांगितलं, कारण अर्धं खरं सांगायची मला सवय नाही. पण कॉलम तिच्या आधी कोणी वापरला हे सांगायला मी शब्द शोधत होते.

तिला तेवढा धीर नव्हता. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी माणसात आल्यासारखा झाला.

"म्हणजे पद्धत चुकली होती. मी नाही. माझे आलेख खरे होते?"

"प्रत्येक आलेख खरा होता."

ती एकाच वेळी हसली आणि रडली. ओढणीने नाक पुसलं आणि उशाखालचा मोबाइल घेतला.

"थांब," मी म्हणाले. "आधी माझं पुरं ऐक."

तिने ऐकलं नाही. नंबर लावून झाला होता.

"शुभंकर! अरे ऐक ना. मी खोटी नव्हती रे! आगाशे मॅडम आल्या आहेत, त्यांनी शोधून काढलं. कॉलममध्ये आधीचं अमाईन होतं. कोणीतरी आधी वापरला होता तो, आपल्याला माहीतच नव्हतं! तू सरांना सांग ना, ती सही रद्द करायला लाव. तू सांगितलं तर ऐकतील ते. शुभंकर? ऐकून राहिला ना?"

ती थांबली. मोबाइल कानापासून दूर धरून तिने पडद्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"मॅडम, फोन तर चालू आहे," ती म्हणाली. "तो काही बोलूनच नाही राहिला."

मी तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला, बंद केला आणि बॅग बाजूला सारून तिला कॉटवर बसवलं.